‘लास्ट टँगो इन पॅरिस’ : निनावी खोलीचा इतिहास

१४ ऑक्टोबर १९७२ रोजी न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवाचा समारोप बेर्नार्दो बेर्तोलुच्चीच्या ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ने झाला. ‘न्यूयॉर्कर’ची समीक्षक पॉलीन केल हिने त्यानंतर दोनच आठवड्यांनी लिहिले की, चित्रपटाच्या इतिहासात या तारखेला तेच स्थान मिळावे, जे संगीताच्या इतिहासात २९ मे १९१३ या तारखेला आहे. त्या तारखेला पॅरिसमध्ये स्त्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’चा पहिला प्रयोग होऊन प्रेक्षागृहात गदारोळ माजला होता. वितरक कंपनी युनायटेड आर्टिस्ट्स हिने केलचे ते परीक्षण जसेच्या तसे ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये दोन पाने भरून जाहिरात म्हणून छापले. समीक्षेचीच जाहिरात व्हावी, हा योग समीक्षेच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चित्रपटाविषयी कोण बोलणार आणि कोणाचे बोलणे मोलाचे मानले जाणार, हे त्या दोन पानांनी पुष्कळसे ठरवून टाकले.

या चित्रपटाविषयी मराठीतही अधूनमधून लिहिले-बोलले जाते. त्या लेखनात एक तर ‘श्लील-अश्लील’ हा जुना वाद असतो, नाही तर ब्रँडोच्या अभिनयाचा गौरव. आम्हांला या चित्रपटाचा इतिहास थोडा वेगळ्या अंगाने वाचावासा वाटतो. १९७२ पासून आजवर या चित्रपटाचा निवाडा करायला समीक्षक बसले, न्यायाधीश बसले, परीनिरीक्षक बसले. या सर्वांनी साक्ष कोणाची काढली आणि कोणाची काढली नाही, हा आमच्या कुतूहलाचा विषय आहे.

प्रथम कर्त्याविषयी. बेर्तोलुच्ची हा पार्माचा. त्याचे वडील आत्तिल्यो हे इटालियन भाषेतील मान्यवर कवी. बेर्नार्दोच्या स्वतःच्या पहिल्या कवितासंग्रहालाही १९६२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, विआरेज्जो पुरस्कार मिळाला होता. त्याआधीच्या वर्षी त्याने पाझोलिनीच्या ‘अक्कात्तोने’साठी साहाय्यक म्हणून काम केले. १९७० मध्ये ‘द कन्फॉर्मिस्ट’ आला आणि तिशीच्या आत त्याचे नाव युरोपभर झाले. नव्या चित्रपटासाठी त्याला ‘कन्फॉर्मिस्ट’मधलीच झाँ-लुई त्रँतिन्याँ आणि दोमिनिक सांदा ही जोडी हवी होती. तो योग जुळला नाही. नायकाच्या भूमिकेसाठी सत्तेचाळीस वर्षांचा मार्लन ब्रँडो आला. ‘गॉडफादर’चे चित्रीकरण नुकतेच आटोपून तो कीर्तीच्या दुसऱ्या शिखराकडे निघाला होता. नायिकेसाठी निवडली गेली मारिया श्नायडर. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. नावाजलेल्या फ्रेंच नट दानिएल जेलँची ती मुलगी, पण त्याने तिला आपले नाव दिले नव्हते. या चित्रपटात नावाला जे महत्त्व आहे ते पाहता हा तपशील केवळ चरित्रापुरता राहत नाही.

कथानक थोडक्यात असे. पॉल हा पॅरिसमध्ये राहणारा मध्यमवयीन अमेरिकन. त्याची पत्नी रोझा एक सामान्य हॉटेल चालवत असे आणि तिने नुकतीच आत्महत्या केली आहे. कारण कोणालाच ठाऊक नाही. चित्रपटाच्या आरंभी तो बीर-हाकेम पुलाखाली, डोक्यावरून धडधडत जाणाऱ्या मेट्रोच्या आवाजाने कानांवर हात दाबून ओरडतो. जान ही तरुणी त्याच रस्त्याने जात असते. पासी भागातील एक रिकामे घर भाड्याने घ्यावे म्हणून दोघेही पाहायला जातात, आणि तिथेच त्यांच्या शरीरसंबंधांना सुरुवात होते. पॉलची अट एकच : या खोलीत नावे सांगायची नाहीत, पूर्वायुष्य सांगायचे नाही, बाहेरचे काहीही आत आणायचे नाही. इकडे जानचा वाग्दत्त वर टॉम तिच्यावरच दूरचित्रवाणीसाठी चित्रपट काढतो आहे. ही भूमिका झाँ-पिएर लेओने केली. त्रुफोच्या ‘फोर हंड्रेड ब्लोज’मधला १९५९ सालचा तो अजाण मुलगा आता मोठा होऊन कॅमेरा घेऊन धावतो, ही फ्रेंच नवलाटेची थट्टा तेव्हाच्या रसिकांना लगेच कळली असणार.

कामवासनेचा चित्रपट म्हणून ‘लास्ट टँगो’ची ख्याती झाली असली तरी त्याची घडण शोकाची आहे. श्रेयनामावलीच्या मागे फ्रान्सिस बेकनची चित्रे दिसतात : पिळवटलेली, आपल्याच मांसात कोंडलेली माणसे. ऑक्टोबर १९७१ मध्ये पॅरिसच्या ग्राँ पालेमध्ये बेकनचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. उद्‌घाटनाच्या दोनच दिवस आधी त्याचा जिवलग साथी जॉर्ज डायर हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला होता. बेर्तोलुच्चीने हे प्रदर्शन पाहिले, छायाचित्रकार विट्टोरियो स्तोरारोला आणि ब्रँडोला ते दाखवले. चित्रपटातील नारिंगी-तपकिरी उजेड आणि खडबडीत काचांमागे विरघळणाऱ्या मानवाकृती बेकनच्या सावलीत उभ्या आहेत. हॉटेलातील आत्मघात आणि मागे उरलेला पुरुष ही प्रतिमा त्या वर्षीच्या पॅरिसमध्ये कल्पनेबाहेर, प्रत्यक्षातही होती.

या चित्रपटाचा गाभा असलेला प्रसंग म्हणून जो सर्वांना ठाऊक आहे तो गाभा नव्हेच, असे आमचे मत आहे. गाभा आहे तो रोझाच्या शवाशेजारचा प्रसंग. हॉटेलच्या एका खोलीत रोझाला फुलांनी सजवून निजवले आहे. तिच्या आईने तिच्या चेहऱ्यावर रंगरंगोटी करवून घेतली आहे, आणि जिवंतपणी ती असे काही कधी लावत नसे. रात्री पॉल येऊन शेजारी बसतो. आधी तो तिच्या त्या सजावटीची टवाळी करतो. मग तिला शिव्या घालू लागतो, अर्वाच्य, थांबता न येणाऱ्या. इतक्या वर्षांच्या संसारात तू कोण होतीस ते मला कळले नाही, हा त्या शिव्यांचा आशय. आणि शिव्या देता देताच तो कोसळतो, तिच्या ओठांवरचा रंग पुसू लागतो, क्षमा मागतो. मराठी वाचकाला विलापाची परंपरा परिचयाची आहे. मृताचे गुण आठवून केलेला शोक आपण काव्यात वाचतो, घरात ऐकतो. इथे शोकाला वाट मिळते ती निंदेतून. प्रेत उत्तर देत नाही, म्हणून पॉलचा राग वाढत जातो. याआधीच्या एका प्रसंगात रोझाचा प्रियकर मार्सेल त्याला भेटतो. दोघांना रोझाने सारखेच झगे आणून दिलेले असतात. एकाच स्त्रीचे दोन पुरुष एकसारख्या झग्यांत बसून तिच्याविषयी बोलतात आणि दोघांनाही ती ठाऊक नसते. एकाकीपणाचे इतके शांत, किंचित हास्यास्पद चित्र आम्ही क्वचितच पाहिले आहे.

या पार्श्वभूमीवर ती निनावी खोली पाहावी लागते. नावे न सांगण्याची अट वरकरणी स्वातंत्र्याची वाटते, १९६८ नंतरच्या पॅरिसमध्ये तर विशेषच. पण ती अट घालतो पॉल आणि मोडतोही पॉलच. लहानपणीचे शेत, दारू पिणारी आई, अंगाला येणारा शेणाचा वास या आठवणी तो त्या खोलीत सांगतो. या आठवणींत ब्रँडोने स्वतःचे बालपण ओतले, हे पुढे सर्वज्ञात झाले. बेर्तोलुच्चीला तेच हवे होते. शेवटी पॉल रस्त्यात जानला गाठून आपली सगळी हकीकत सांगतो, तेव्हा तिच्या दृष्टीने तो एक लॉजवाला म्हातारा उरतो. टँगोच्या स्पर्धेतली ती मद्यधुंद विटंबना झाल्यावर तो तिचा पाठलाग करत तिच्या आईच्या घरात शिरतो, तिच्या मृत वडिलांची लष्करी टोपी डोक्यावर चढवतो आणि तिचे नाव विचारतो. ती नाव सांगते आणि वडिलांच्याच पिस्तुलाने त्याला गोळी घालते. ते वडील कर्नल होते आणि १९५८ मध्ये अल्जीरियात गेले, असे चित्रपट ओझरते सांगतो. अल्जीरियाचे युद्ध संपून जेमतेम दहा वर्षे झालेल्या फ्रान्समध्ये ती टोपी आणि ते पिस्तूल हे निव्वळ नेपथ्य असू शकत नाही. गोळी लागल्यावर पॉल तोंडातील च्युइंगगम काढून सज्जाच्या कठड्याखाली चिकटवतो आणि कोसळतो. जान पुटपुटत राहते : हा कोण होता मला ठाऊक नाही, याने माझा पाठलाग केला, याचे नावही मला माहीत नाही. पोलिसांना द्यायच्या जबानीची ही तालीम आहे.

आता प्रत्यक्षातील जबान्यांकडे वळू. डिसेंबर १९७२ मध्ये इटलीत प्रदर्शित होताच आठवड्याभरात चित्रपट जप्त झाला. बोलोन्याच्या न्यायालयात अश्लीलतेचा खटला उभा राहिला आणि आरोपींत दिग्दर्शक-निर्मात्यांबरोबर ब्रँडो आणि मारिया यांचीही नावे होती. फेब्रुवारी १९७३ मध्ये निर्दोष ठरलेला चित्रपट अपिलात दोषी ठरला, आणि २९ जानेवारी १९७६ रोजी इटलीच्या सर्वोच्च न्यायपीठाने त्याच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. बेर्तोलुच्चीला चार महिन्यांची स्थगित शिक्षा झाली आणि पाच वर्षे मतदानाचा हक्क गेला. काही प्रती वाचल्या, आणि १९८७ मध्ये बंदी उठली. फ्रँकोच्या स्पेनमध्ये चित्रपट दाखवणे अशक्यच होते. तेव्हा स्पॅनिश प्रेक्षक सीमा ओलांडून पर्पिन्याँसारख्या फ्रेंच गावांत तो पाहायला जात. ब्रिटनमध्ये परीनिरीक्षकांनी काही सेकंदांची कात्री लावून चित्रपट मान्य केला, त्यावर एका निवृत्त गृहस्थाने खासगी खटला भरला, तो टिकला नाही, आणि १९७७ मध्ये चित्रपटांनाही अश्लील प्रकाशनांच्या कायद्याखाली आणणारी दुरुस्ती झाली.

एवढी न्यायालये आणि एवढी कागदपत्रे. प्रश्न मात्र सर्वत्र एकच : पाहणाऱ्याचे काय होईल? प्रेक्षकाच्या लज्जेला धक्का लागतो का, त्याची नीती बिघडते का? अश्लीलतेचा कायदा स्वभावतःच पाहणाऱ्याचा विचार करतो. आपल्याकडे चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ला सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली अश्लीलतेच्या आरोपातून मुक्त केले, तेव्हा चर्चा वाचकाच्या मनावरील परिणामाचीच होती, आणि तिथे ते योग्यच होते. कथेतील स्त्रीला शाईपलीकडे शरीर नसते. लेखकाने तिच्यावर कागदावर काहीही गुदरवले तरी दुसऱ्या दिवशी तिला कामावर जावे लागत नाही. चित्रपटात जानला शरीर आहे आणि ते मारियाचे आहे. बोलोन्यापासून रोमपर्यंतच्या खटल्यांत ती आरोपी म्हणून मोजली गेली. आपल्यावर काय गुदरले, हा प्रश्न तिला कोणी विचारायचा, याची तरतूद त्या कायद्यात नव्हतीच. पण केलच्या लेखात, आणि तिला विरोध करणाऱ्यांच्या लेखांतही, ती तरतूद असायला कोणता कायदा आडवा येत होता?

मारिया बोलत नव्हती असे नाही. अभिनेत्री डेल्फीन सेरिग हिने १९७०च्या दशकाच्या मध्यास अनेक नट्यांच्या मुलाखती चित्रित केल्या. त्यांचा माहितीपट १९८१ मध्ये ‘सुंदर दिस आणि गप्प राहा’ अशा अर्थाच्या नावाने प्रदर्शित झाला. त्यात मारिया दिसते. निर्माते पुरुष, दिग्दर्शक बहुतेक पुरुष, तंत्रज्ञ पुरुष, वृत्तपत्रवाले पुरुष, हा हिशेब ती अगदी निर्विकारपणे मांडते. २००७ साली एका ब्रिटिश दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत तिने त्या कुप्रसिद्ध प्रसंगाविषयी स्पष्ट सांगितले. लोण्याचा वापर असलेले ते बलात्काराचे दृश्य मूळ संहितेत तसे नव्हते. ते तिला चित्रीकरणाच्या अगदी आधी सांगण्यात आले. संहितेत नसलेले काही करायला नकार देता येतो, वकिलाला बोलावता येते, हे तिला त्या वयात माहीत नव्हते. शरीरसंबंध प्रत्यक्ष घडला नव्हता, पण पडद्यावरचे अश्रू खरे होते, आणि दिग्दर्शक व सहकलाकार अशा दोघांकडून आपल्यावर काही अंशी बलात्कारच झाला असे तिला वाटले.

३ फेब्रुवारी २०११ रोजी तिचे निधन झाले. २०१३ मध्ये बेर्तोलुच्चीने जाहीरपणे सांगितले की, लोण्याची कल्पना त्याला आणि ब्रँडोला त्या सकाळी सुचली आणि ती त्यांनी मारियापासून लपवली, कारण त्याला अभिनेत्रीची नव्हे, एका मुलीची प्रतिक्रिया हवी होती. आपल्याला अपराधी वाटते, पण पश्चात्ताप होत नाही, असेही तो म्हणाला. २०१६च्या अखेरीस हे चित्रमुद्रण जगभर पोहोचले आणि खळबळ उडाली. तेव्हा त्याने खुलासा केला की हिंसेचा प्रसंग संहितेत होता, तिला अज्ञात होते ते केवळ लोणी. खुलाशाने काय साधले, कळत नाही. तपशील एकच लपवला की दोन, यावर प्रश्नाचे स्वरूप बदलत नाही. मारियाने नऊ वर्षे आधी जे सांगितले होते ते जगाला खरे वाटायला दिग्दर्शकाची कबुली लागली. साहित्याच्या अभ्यासकांनी इथे क्षणभर थांबावे.

‘अभिनेत्रीची नव्हे, मुलीची प्रतिक्रिया’ हा युक्तिवाद नैतिक अंगाने पुष्कळांनी तपासला आहे. आम्हांला तो कलेच्या अंगानेही लंगडा वाटतो. फसवणुकीशिवाय खरेपणा येत नाही, असे तो गृहीत धरतो. त्याला सर्वांत ठोस उत्तर याच चित्रपटात आहे. रोझाच्या शवाशेजारचा प्रसंग घ्या. ब्रँडोला ठाऊक होते की तो काय करणार आहे. समोर वेरोनिका लझार ही अभिनेत्री प्रेत होऊन पडली होती, तिलाही ठाऊक होते. ब्रँडोने संवाद पाठ केलेले नसत, तो इकडेतिकडे लावलेल्या चिठ्ठ्यांवरून ते वाचत असे, ही कीर्तीही सर्वांना माहीत आहे. इतकी सगळी कृत्रिमता असून तो प्रसंग पाहणाऱ्याचा घसा कोरडा करतो. आपल्या आयुष्यातले काय द्यायचे आणि काय राखायचे, हे ब्रँडो ठरवू शकत होता. तरीही त्याला हा अनुभव जाचला. पुन्हा कोणत्याही चित्रपटासाठी स्वतःच्या भावनांची अशी मोडतोड करायची नाही, असे त्याने ठरवले, हे तो १९९४च्या आत्मचरित्रात सांगतो. पुढे बरीच वर्षे तो बेर्तोलुच्चीशी बोलला नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या जगप्रसिद्ध नटाची ही अवस्था, तर एकोणीस वर्षांच्या मुलीकडे ठरवण्याची कोणती मुभा होती? ऑस्करची नामांकने दिग्दर्शकाला आणि नायकाला मिळाली, तिला नाही.

आणखी एक गोष्ट अशी की ही तक्रार चित्रपटाच्या पोटातच लिहिलेली आहे. रेल्वे स्थानकावर टॉम जानला कवेत घेतो तेव्हा त्याचा चित्रणसंच भोवती उभा असतो. आपल्याला न विचारता हे चालले आहे, याचा तिला राग येतो. पुढे मेट्रोच्या फलाटावर ती त्याच्यावर ओरडते, की तू माझा गैरफायदा घेतोस, मी कधी न केलेल्या गोष्टी माझ्याकडून करवून घेतोस. फ्रेंच संवादांचे काम आन्येस वार्दाने केले होते. ती ओळ कोणाची होती यावर तर्क करण्यात अर्थ नाही. प्रश्न इतकाच, की ही ओळ ज्या दिग्दर्शकाने चित्रित केली त्याला ती ऐकू आली नाही काय? टॉमची थट्टा करताना त्याला वाटले असावे की खोलीबाहेरचा कॅमेरा उथळ आहे आणि खोलीतला सखोल. दोन्ही कॅमेरे एकाच मुलीवर, तिला न विचारता, रोखलेले होते.

पुढच्या काळात मारियाने अंतोनिओनीच्या ‘द पॅसेंजर’मध्ये (१९७५) जॅक निकोल्सनबरोबर काम केले. तिच्या स्वतःच्या आवडीचा चित्रपट हाच. त्यातही तिच्या पात्राला नाव नाही, श्रेयनामावलीत ती केवळ ‘मुलगी’ आहे. मात्र तिथली तिची हालचाल इतकी मोकळी आहे की ‘लास्ट टँगो’ पाहिलेल्यांनी ती मुद्दाम पाहावी. नंतर अमली पदार्थांची वर्षे आली, अर्धवट सोडलेली कामे आली, नग्न दृश्यांना ठाम नकार आला. १९९६ साली झेफिरेल्लीने ‘जेन एअर’ काढला, त्यात तिला भूमिका मिळाली ती बर्था मेसनची : माळ्यावर कोंडलेली, जिची बाजू कोणी ऐकत नाही अशी रॉचेस्टरची वेडी पत्नी. जीन ऱ्हिसने १९६६ मध्ये त्या बर्थाला आवाज देणारी कादंबरी लिहिली आणि आपल्या विद्यापीठांतून ती आज शिकवली जाते. झेफिरेल्लीच्या चित्रपटात बर्थाच्या वाट्याला संवाद नाहीत.

हा चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवावा की नाही, यावर आमच्यातच एकमत नाही. दाखवू नये म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे, की एका व्यक्तीच्या प्रत्यक्ष अपमानाचे ते मुद्रण आहे आणि दर वेळी ते पुन्हा घडते. दाखवावा म्हणणारे रोझाच्या प्रसंगाकडे बोट दाखवतात आणि विचारतात, की हे न पाहता या इतिहासाविषयी काय बोलणार? दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे. मारियाची २००७ची मुलाखत आणि सेरिगचा माहितीपट यांच्याशिवाय तो दाखवू नये.

पॅरिसच्या सिनेमॅथेकने डिसेंबर २०२४ मध्ये ब्रँडोच्या चित्रपटांचा महोत्सव योजला होता आणि १५ तारखेला ‘लास्ट टँगो’ दाखवला जाणार होता. मारियाचे काय झाले याचा पुरेसा उल्लेख न करता तो दाखवण्याला अभिनेत्री जुदित गोद्रेश आणि स्त्रीवादी संघटनांनी हरकत घेतली. सिनेमॅथेकने सुरक्षेचे कारण देऊन खेळ रद्द केला. म्हणजे संदर्भासह दाखवण्याचा प्रयत्न झालाच नाही, बंदीसारखेच काही झाले, आणि मारियावर चर्चा व्हायची ती खेळाच्या सुरक्षेवर झाली. त्याच वर्षी मे महिन्यात कान महोत्सवात जेसिका पालूचा मारियावरील चित्रपट दाखवला गेला होता. पालूने तरुणपणी बेर्तोलुच्चीच्याच ‘द ड्रीमर्स’च्या चित्रीकरणावर उमेदवारी केली होती. तिच्या चित्रपटात त्या दृश्याचे चित्रीकरण पुन्हा उभे केले आहे. कॅमेरा मारियाच्या बाजूला आहे, आणि भोवती काम करणारी माणसे, जी १९७२च्या चौकटीत कधीच आली नव्हती, ती उभी राहून पाहताना दिसतात.